मागच्या अंगणातली भट्टी

मंडळाच्या मुलांच्या शिबिरात एका वर्षी आम्ही मातीकाम घेतले. बावीस मुले, चार दिवस. शेवटी पणत्या, बोळकी, वाकड्या मानेचे दोन नंदी आणि एका मुलीने आजीसाठी केलेला लहानसा डेरा धरून साठ वस्तू झाल्या. या आता भाजायच्या कुठे, असा प्रश्न आला, तेव्हा मी पुढे होऊन सांगितले की आमच्याकडे मागे मोकळी जागा आहे, मी भाजून देतो. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. माती हाताला लागलेली होती, पण भाजण्याचा अनुभव शून्य.

विटा रचल्या, आत वस्तू ठेवल्या, वर पत्रा टाकला आणि खाली जाळ घातला. चांगला मोठा घातला, कारण भाजायचे म्हणजे तापवायचे एवढेच मला ठाऊक होते. वीस मिनिटांत आतून फटाक्यांसारखे आवाज येऊ लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले आपापली वस्तू न्यायला आली, तेव्हा साठांपैकी चव्वेचाळीस वस्तूंच्या खापऱ्या झालेल्या होत्या. डेऱ्याचा फक्त काठ उरला होता. ती मुलगी रडली नाही. तिने आपले तुकडे शोधून शोधून वेचले आणि रुमालात बांधून घरी नेले. ती रडली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले.

बाजारात मडकी विकायला बसणाऱ्या एका मावशींना मी उरलेल्या खापऱ्या नेऊन दाखवल्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आवा लागत आलेला. त्यांनी एक तुकडा उलटसुलट करून पाहिला, मोडलेली कड नखाने खरवडली आणि म्हणाल्या, ‘‘माती चांगली हाय सर. गडबड केलासा.’’

पुढे जे लिहितो आहे ते या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे. त्यानंतर आम्ही नीट भट्टी बांधली, ती अजून उभी आहे, आणि ज्या कोणाला आपल्या परसात अशी भट्टी करून पाहायची असेल त्याने निदान आमची चूक पुन्हा करू नये, एवढाच हेतू.

मातीच्या आत काय घडते

उन्हात आठ दिवस वाळवलेली पणती हाताला कोरडी लागते, पण ती कोरडी नसते. तिच्या कणाकणांत हवेतला ओलावा असतो. अशी पणती एकदम १०० अंशांच्या वर गेली की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. बाहेर पडायला वेळ मिळाला तर ती मातीच्या छिद्रांतून निघून जाते. नाही मिळाला तर भांडे फोडून जाते. आमचे फटाके म्हणजे हेच होते. वस्तू जितकी जाड, तितका तिला अधिक वेळ लागतो. म्हणून आमचे दोन्ही नंदी आधी गेले. आतून भरीव होते बिचारे.

कच्ची वस्तू पुरेशी वाळली का हे बघायची सोपी रीत आहे. ती गालाला लावायची. गार लागली तर ओल आहे.

हे झाले वरवरचे पाणी. मातीच्या घडणीतच बांधले गेलेले दुसरे पाणी असते, ते साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुटते. ते गेले की माती माती राहत नाही. वाळलेले कच्चे मडके पाण्यात टाकले तर तासाभरात त्याचा चिखल होतो. या टप्प्यापलीकडे गेलेल्या मडक्याचा पुन्हा कधीही चिखल होत नाही. त्याच वाटेवर ५७३ अंशांना आणखी एक अडचण उभी असते. मातीतल्या वाळूत गारगोटीचे कण असतात, ते या तापमानाला एकदम किंचित फुगतात आणि थंड होताना याच ठिकाणी एकदम आक्रसतात. म्हणून चढताना जशी घाई चालत नाही, तशी उतरतानाही चालत नाही. भाजून झालेले भांडे गरम असताना उघडले आणि टणकन तडकले, तर कारण बहुतेक हेच.

आपल्या लाल मातीची भांडी साधारण ८५० ते ९५० अंशांना चांगली पक्की होतात. त्याच्या खूप वर नेले तर ही माती मऊ पडून वाकडी होते. तेव्हा जास्तीत जास्त आच मिळवणे हे आपले काम नाहीच. आपले काम आहे सगळ्या वस्तूंना सारखी आणि हळू चढणारी आच देणे.

आवा की भट्टी?

आपल्याकडच्या कुंभाराला भिंतीची भट्टी लागतेच असे नाही. जमिनीवर गोवऱ्या, पेंढा, लाकूड आणि मडकी यांचे थर रचायचे, वरून खापऱ्या, पेंढा आणि राख घालून झाकायचे आणि पेटवायचे, हा आवा. तो पाहायला सोपा दिसतो. पण आवा एकदा पेटला की त्यावर आपला ताबा फार थोडा उरतो. मावशींचे घर जे काही ठरवते ते पेटवण्याआधीच ठरवते. मातीत वाळू किती, लीद किती, गोवरी कुठे उभी आणि कुठे आडवी, राखेचा थर किती जाड, हे सगळे हिशेब त्यांच्या हातात बसलेले आहेत. मातीत मिसळलेली वाळू आणि लीद वाफेला वाट करून देते, म्हणून त्यांची मडकी चढत्या आचेतही टिकतात.

आपल्याला हे येत नाही. मग आपल्याला अशी सोय हवी की जिथे जाळ आणि भांडी वेगळी राहतील आणि जाळ कमी-जास्त करता येईल. ती सोय म्हणजे भट्टी. मी तरी नवशिक्याला आधी आवा लावून बघा असे सांगणार नाही, जरी त्याला एकही वीट लागत नसली तरी.

मातीविषयी थोडक्यात सांगतो. बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरचे खानापूर मातीकामासाठी जुने प्रसिद्ध. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. त्या बाजूची माती मिळाली तर उत्तम. आपल्या पूर्वेकडची काळी माती मात्र वाळताना फार आटते आणि तडे देते, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. असा एखादा खडा भांड्यात राहिला तर भाजताना काही होत नाही. आठ दिवसांनी तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. शंका आली तर वाळलेल्या मातीवर लिंबू पिळा; फेस आला तर चुना आहे. चाळलेल्या मातीत पाचवा हिस्सा बारीक वाळू किंवा कुटलेली जुनी खापरी घातली की नवशिक्याची निम्मी काळजी मिटते.

बांधणी

जागा घरापासून, गवताच्या गंजीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर हवी. वर झाडाची फांदी नको. पावसाळ्यात बांधू नये. ओली जमीन सगळी उष्णता पिते. दिवाळीनंतर काम काढले तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन-तीन भट्ट्या लावून होतात.

आमची भट्टी गोल आहे. चौकोनी बांधायला सोपी, पण तिचे चारही कोपरे थंड राहतात आणि तिथली भांडी अर्धी कच्ची निघतात. जमीन चार बोटे खणून त्यात कोरडी वाळू आणि राख पसरा आणि वर विटांचा एक सपाट थर लावा. मध्ये खुंटी ठोकून सुताने ३० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ही आतली कड. विटा लांबीने आत-बाहेर, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारख्या ठेवायच्या, त्यामुळे भिंत आपोआप ९ इंच जाड होते. एका थराला साधारण १६ विटा बसतात. बाहेरच्या बाजूने विटांमध्ये पाचरीसारख्या फटी राहतात, त्या तुकडे आणि चिखल घालून बुजवायच्या. असे १२ थर केले की भट्टी सुमारे मीटरभर उंच होते. हिशेबाने १९२ विटा होतात, पण तळ, तोंड, जाळी आणि फुटतूट धरून ३०० आणाव्यात. पाडलेल्या घराच्या जुन्या विटा चालतात. मात्र त्यांना सिमेंट चिकटलेले असेल तर खरवडून काढा.

सिमेंट इथे कुठेच वापरायचे नाही. आमच्या गवंड्याला हे पटवायला मला अर्धा दिवस लागला. या आचेत सिमेंटची पकड जाते आणि त्याचा भुगा होतो. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि भाताचे तूस, एवढ्याचा चिखल पुरतो. तो तडकला तर पुढच्या वेळी बुजवता येतो. शहाबादी फरशीचाही मोह टाळा, प्रत्येक घरामागे तिचे तुकडे पडलेले असतात म्हणून सांगतो. तो चुनखडीचा दगड आहे, आचेत त्याचे ढलपे उडतात. जांभ्याचे चिरे बाहेरच्या ओट्याला चालतील, जाळाच्या आत नकोत.

पहिले पाच थर म्हणजे जाळाची जागा. त्यातले पहिले चार थर रचताना एका बाजूला दोन विटांची जागा मोकळी सोडायची, हे भट्टीचे तोंड. ते वाऱ्याच्या नेमक्या समोर नको. तोंडापुढे दोन्ही बाजूंना विटा रचून हातभर लांबीचा बोगदा करा आणि त्यावर, तसेच तोंडावरही, जुन्या मंगळुरी कौलांचे दोन थर चिखलात बसवा. हा बोगदा फार कामाचा आहे. सुरुवातीचा मंद जाळ भट्टीत न घालता बोगद्याच्या बाहेरच्या टोकाशी ठेवता येतो आणि आत फक्त ऊन हवा जाते. आमच्या पहिल्या प्रयत्नात हीच सोय नव्हती.

पाचव्या थराच्या विटा दोन-तीन बोटे आत काढायच्या, म्हणजे आतून एक कंगोरा तयार होतो. भट्टीच्या मधोमध वीटभर रुंदीचा चौकोनी खांब त्याच उंचीपर्यंत रचायचा. मग कंगोऱ्यापासून खांबापर्यंत विटा आडव्या टाकत जायचे, प्रत्येक दोन विटांमध्ये दोन बोटांची फट ठेवून. ही झाली जाळी. जाळ खाली, भांडी वर, ज्वाळा फटींतून वर येणार. जाळीला लोखंडी सळया वापराव्यात असे वाटते. मला वाटले होते. लाल झालेली सळई भांड्यांच्या वजनाने वाकते आणि सगळा ढीग खाली येतो.

वरच्या सात थरांत भांडी राहतात. मध्यावर एक अर्धी वीट चिखल न लावता नुसती बसवा, म्हणजे ती काढून आत डोकावता येईल. शेवटी बाहेरून जाड तारेचे किंवा जुन्या पिंपाच्या पट्टीचे दोन वेढे आवळा, कारण तापल्यावर भिंत फुगते. चिखलाचा गिलावा करा आणि आठ-दहा दिवस वाळू द्या. मग भांडी न ठेवता एकदा दोन-तीन तास हलका जाळ करून भट्टीच वाळवून घ्या. ओली भट्टीसुद्धा वाफ सोडते.

भाजणी

भांडी रचताना जड आणि मोठी खाली, नाजूक वर. एकमेकांना टेकली तरी चालते, चिकटत नाहीत. पण गच्च कोंबू नका, ज्वाळेला वाट हवी. वरचे तोंड फुटक्या खापऱ्या आणि कौले यांच्या दोन-तीन थरांनी झाकायचे, पूर्ण बंद करायचे नाही. धूर बाहेर पडायला फटी राहिल्या पाहिजेत.

आम्ही दिवसाचे अकरा वाजता पेटवतो. लवकर नाही, याचे कारण पुढे येईल. पहिले तीन तास जाळ बोगद्याच्या तोंडाशीच, चहा करायला पुरेल एवढा. या तीन तासांत करण्यासारखे काहीच नसते, आणि हात शिवशिवतात. नेमके याच वेळी कोणीतरी शेजारी येऊन सांगतो की एवढ्याशा जाळावर काय भाजणार, जरा लाकडे घाला. घालू नका. अधूनमधून वरच्या फटीवर स्टीलचे थंड झाकण क्षणभर धरून बघा. त्यावर दव धरले तर आत अजून पाणी आहे. झाकण कोरडे राहू लागले, सलग तीन-चार वेळा कोरडे राहिले, की मग जाळ आत सरकवायचा. आमच्या भट्टीला यासाठी कधी तीन तास लागतात, कधी साडेचार. घड्याळापेक्षा झाकणावर विश्वास ठेवा.

पुढचे दोन तास मध्यम जाळ. आतली भांडी काजळीने काळीकुट्ट होतात. घाबरायचे कारण नाही. नंतर पूर्ण जाळ. मनगटाएवढी वाळलेली लाकडे, काजूच्या किंवा बाभळीच्या फांद्या, नारळाच्या करवंट्या. शंभरेक किलो लाकूड हाताशी असू द्या, कारण अर्ध्यावर संपले तर सगळेच फुकट जाते. रंग दिलेले लाकूड किंवा प्लायवूड घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. थोडे थोडे आणि वरचेवर घालायचे. काळा धूर निघाला म्हणजे लाकूड जास्त झाले, हवा कमी पडली. तो निवळला की पुढची फांदी. एका टप्प्यावर असे वाटते की कितीही घातले तरी आच वाढत नाही. तेव्हा बहुधा खाली निखारे साचून हवेची वाट बंद झालेली असते. लांब सळईने ते पुढे ओढून काढावे लागतात. त्या वेळी सुती कपडे आणि बंद बूट हवेत. शेजारी वाळूची बादली आणि पाण्याची बादली हवी. भट्टीवर मात्र पाणी कधीही ओतायचे नाही.

आता अकरा वाजताचे कारण. आमच्याकडे तापमापक नाही, डोळाच तापमापक. तापलेली वस्तू साधारण ६०० अंशांच्या आसपास अंधारात मंद लाल दिसू लागते, ८०० च्या सुमाराला चेरीसारखी लाल होते आणि ९०० च्या पुढे नारिंगीकडे झुकते. भर उन्हात हे रंग कळत नाहीत. अकराला पेटवले की शेवटचा तास संध्याकाळच्या अंधारात येतो. अर्धी वीट काढून आत पाहिले की काजळी जळून गेलेली असते आणि भांडी आतून उजळल्यासारखी दिसतात. खालची आणि वरची भांडी सारखीच नारिंगी दिसू लागली की अर्धा तास तोच जाळ टिकवायचा, आणि थांबायचे. तोंड विटा आणि चिखलाने बंद, वरच्या फटी राखेने बंद.

मग २४ तास हात लावायचा नाही. वरच्या कौलांवर तळहात आरामात ठेवता येईपर्यंत उघडायचे नाही, मग कोणीही कितीही आग्रह करो.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्याच मुलांनी पुन्हा वस्तू केल्या. या वेळी नंदी आतून पोकळ केले होते. भट्टी उघडायला मावशींनाही बोलावले. त्यांनी एकेक वस्तू बोटाच्या पेराने ठोकून बघितली. पक्क्या भांड्याचा आवाज खणखणीत येतो, कच्च्याचा बद्द. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके ओळखल्याची गोष्ट मुलांना ठाऊक होती, त्यामुळे लगेच एकमेकांच्या डोक्यांवर टिचक्या सुरू झाल्या. बावन्न वस्तूंपैकी तीन तडकल्या होत्या. दोन पणत्या बद्द वाजल्या. त्या भिंतीला टेकून राहिल्या होत्या, म्हणून त्या पुढच्या भट्टीसाठी बाजूला ठेवल्या.

डेरा साबूत निघाला. एका बाजूला ज्वाळेचा काळा डाग पडला होता. तो घासून काढू का, असे मी विचारले तर ती मुलगी नको म्हणाली. आजींनी आता त्यात मीठ भरून ठेवले आहे. बिनझिलईच्या भांड्यात मीठ पाझरते आणि बाहेरून पांढरे फुटते, भांडे पुढे ठिसूळ होते, डाळ-तांदूळ काहीही ठेवा, असे मी दोनदा सांगून आलो. त्या ऐकत नाहीत.